मिशनवरचा रोजचा दिवस: सुभाष आणि सुनंदाला पत्र

प्रिय सुभाष आणि सुनंदा,

सप्रेम सलाम.

तुमचं पत्र मिळालं. दोघांनी मिळून आपल्या चर्चच्या (चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सच्या) मिशनला, म्हणजे ठरावीक मुदतीच्या सेवेला, जायचं मनावर घेतलं आहे हे वाचून फार आनंद झाला. सुनंदाने विचारलंय की सकाळपासून रात्रीपर्यंत आम्ही नेमकं करतो काय, आणि सुभाषची शंका अशी की या वयात दारोदार हिंडणं झेपेल का. दोन्ही प्रश्न अगदी रास्त आहेत. तरुण मिशनरी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतात, पण ज्येष्ठ जोडप्यांचं काम आपल्या चर्चमधल्या लोकांनाही फारसं माहीत नसतं. म्हणून आम्ही दोघं मिळून जरा सविस्तर लिहितो आहोत. अर्ज भरेपर्यंत हे पत्र जपून ठेवा.

आधी सुभाषच्या शंकेबद्दल. दारोदार जाऊन शिकवणं हे तरुणांचं काम. मुलगे २४ महिने आणि मुली १८ महिने ते करतात, तेही ठरलेल्या वेळापत्रकाने. जोडप्यांवर ते वेळापत्रक लादलेलं नसतं. आपल्याला ६, १२, १८ किंवा २३ महिन्यांची मुदत निवडता येते, खर्च आपला आपण करायचा, आणि रोज किती तास काम झेपेल ते तब्येत बघून मिशन प्रेसिडेंटशी, म्हणजे त्या भागातल्या मिशनच्या प्रमुखाशी, बोलून ठरतं. काम कुठलंही असू शकतं: ऑफिस, तरुणांच्या राहण्याची घरं, गाड्या, आरोग्य, टेंपलमधली (चर्चच्या पवित्र मंदिरातली) सेवा, वंशावळीचा शोध, मदतकार्य, किंवा एखाद्या ब्रँचला, म्हणजे लहान स्थानिक मंडळीला, हात देणं. बरीच जोडपी दोन कामं एकत्र करतात. आमच्याकडे दिवसा ऑफिस आणि घरं आहेत, संध्याकाळी आणि रविवारी ब्रँच.

सकाळ शांत असते आणि ती तशीच राखावी लागते. प्रार्थना, शास्त्रवाचन, अर्धा-पाऊण तास चालणं, नाश्ता, औषधं आणि मग ऑफिस. चालण्याला फाटा देऊ नका. ऑफिसचं काम बसून, घरांचं काम जिने चढून आणि ब्रँचचं काम पुन्हा खुर्चीत, असा दिवस असतो. ज्या जोडप्याने पहिल्याच महिन्यात चालणं सोडलं त्याचे गुडघे आणि साखर दोन्ही पुढे त्रास देतात. आम्ही आदल्या रात्रीच दुसऱ्या दिवसाचा कागद करतो: कोण कुठे जाणार, कुठली किल्ली लागणार, कुणाला फोन करायचा. नवरा-बायको चोवीस तास एकाच कामावर असल्यावर “मला वाटलं तू केलंस” हे वाक्य रोज ऐकू येऊ शकतं. कागदावर प्रत्येक कामापुढे एकाचंच नाव असलं की हा प्रश्न मिटतो.

ऑफिसात पहिलं लक्ष तारखांवर असतं. प्रत्येक मिशनरीच्या पासपोर्टची आणि व्हिसाची मुदत एका तक्त्यात, जवळची तारीख सगळ्यात वर, अशी लावलेली असते. मुदतीच्या किमान नव्वद दिवस आधी कागद हलवायला घ्यायचे. उशीर बहुतेक वेळा सरकारी खात्यात होत नाही, आपल्याकडेच होतो. फोटो चुकीच्या मापाचा निघतो, सही चौकटीबाहेर जाते, नाहीतर पासपोर्टवरचं आणि अर्जावरचं नाव एका अक्षराने वेगळं निघतं. म्हणून नाव आठवणीवरून लिहायचं नाही, पासपोर्ट समोर ठेवून अक्षर न् अक्षर उतरवायचं. त्यानंतर टपाल, पार्सलं, भाड्याची बिलं आणि वीज-पाण्याची बिलं. बिल आलं की मागच्या महिन्याशी ताडून बघायचं. पाण्याचं बिल अचानक दुप्पट झालं तर बऱ्याच वेळा संडासच्या टाकीतून गळती असते. टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाकायचे, वीस मिनिटं कुणी फ्लश करायचा नाही. भांड्यात रंग उतरला तर आतला रबरी पडदा बदलायला झाला.

आता घरांबद्दल, कारण ज्येष्ठ जोडप्याचा सगळ्यात मोठा उपयोग मला तिथे दिसतो. तरुण मिशनरी जोडीने राहतात, कधी दोन, कधी चार जण एका फ्लॅटमध्ये. घरापासून पहिल्यांदाच दूर आलेली एकोणीस-वीस वर्षांची मुलं. घर स्वच्छ आणि सुरक्षित असलं तर ती झोपतात, जेवतात आणि काम करतात. घर ओलं, कोंदट असलं की आठ दिवसांत खोकला सुरू होतो आणि पंधरा दिवसांत जोडीदारांत कुरबुरी.

नवा फ्लॅट घेताना भाड्याच्या आकड्याआधी नोटिशीचं कलम वाचायचं. तीस दिवस आहे की साठ, लेखी द्यायची की ईमेल चालतो, महिन्याच्या एक तारखेपासून मोजायची की दिल्या दिवसापासून. किल्ली हातात आल्यावर सामान आत जायच्या आधी प्रत्येक खोलीचे चारही कोपऱ्यांतून फोटो काढायचे, आणि मीटरचं रीडिंग तारखेसह टिपायचं. अनामत परत मिळण्याचा वाद या फोटोंवरच मिटतो. आणखी एक फोटो कुणाला सुचत नाही, तो म्हणजे पाण्याच्या मुख्य कॉकचा. रात्री दोनला पाइप फुटल्यावर मुलं फोन करतात, तेव्हा “स्वयंपाकघरात सिंकखाली, डाव्या हाताला” एवढं सांगता आलं पाहिजे. प्रत्येक घराची वेगळी फाइल करायची: करार, घरमालकाचा नंबर, रीडिंग, फोटो, किती खाटा, किती गाद्या, किती टेबलं. किल्लीच्या बिल्ल्यावर पत्ता कधीही लिहू नये, फक्त क्रमांक लिहावा आणि क्रमांकांची यादी ऑफिसात कुलपात ठेवावी. पत्ता लिहिलेली किल्ली हरवली तर कुलूपच बदलावं लागतं.

तपासणीला जाताना दोन दिवस आधी कळवायचं. अचानक गेल्याने घराची खरी स्थिती दिसते असं काहींना वाटतं. मला ते पटत नाही. मुलांना घर आवरायला वेळ मिळाला तर तोही शिकण्याचाच भाग आहे, आणि आपल्याला जे बघायचं असतं ते दोन दिवसांत लपत नाही. मुलींच्या घरी नेहमी दोघांनी मिळून जायचं. एकट्या पुरुषाने तिथे जायचं नाही, गाडीतही नाही. हा नियम पाळायला सोपा आहे आणि सगळ्यांच्याच हिताचा आहे.

आत गेल्यावर आधी धुराचा अलार्म. बटण दाबून आवाज ऐकायचा, मग तो खाली काढून मागची तारीख बघायची. बनवल्यापासून दहा वर्षं झाली की अलार्म बदलायचा, वाजत असला तरी, कारण बटण दाबल्यावर बॅटरी आणि भोंगा तपासला जातो, आतला धूर ओळखणारा भाग नव्हे. मुलं हमखास करतात ती गोष्ट म्हणजे पोळी करपली, अलार्म वाजला, बॅटरी काढून ठेवली आणि विसरली. म्हणून पिशवीत नेहमी नव्या बॅटऱ्या असाव्यात. गॅसचा गीझर, बॉयलर किंवा शेगडी असलेल्या घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा लागतो. या वायूला वास नाही, रंग नाही. घरात असताना डोकं दुखतं, मळमळतं आणि बाहेर गेलं की बरं वाटतं असं एकाच घरातल्या दोघांनी सांगितलं, तर फ्लू समजून गोळी द्यायची नाही. लगेच सगळ्यांना बाहेर काढायचं, गॅस बंद करायचा आणि आपत्कालीन सेवेला फोन करायचा.

मग न्हाणीघर. पंख्याच्या जाळीला टिश्यूचा एक पदर लावून बघायचा. तो चिकटून राहिला तर पंखा हवा ओढतोय. खाली पडला तर जाळी धुळीने बंद आहे किंवा नळी सुटली आहे. काळी बुरशी बहुधा बाहेरच्या भिंतीला टेकवलेल्या कपाटामागे आणि खिडकीच्या चौकटीवर असते. तिचं एक मोठं कारण म्हणजे बंद खोलीत वाळत घातलेले कपडे. थंडीत मुलं खिडकी उघडत नाहीत, रेडिएटरवर शर्ट टाकतात, ते पाणी हवेत जातं आणि थंड भिंतीवर जमतं. कपाट भिंतीपासून चार बोटं दूर ठेवायचं, आंघोळीनंतर पंखा वीस मिनिटं चालू ठेवायचा, आणि कपडे एकाच खोलीत दार बंद करून, खिडकी थोडी उघडी ठेवून वाळवायचे. नुसतं पुसून बुरशी जात नाही, ओल थांबली तरच जाते.

साफसफाईत एक धोका मी प्रत्येक नव्या जोडीला तोंडी सांगते, लिहून दिलेलं वाचलं जाईलच असं नाही. ब्लीच आणि संडास धुण्याचं आम्लाचं द्रव एकत्र ओतायचं नाही. दोन चांगल्या वस्तू मिळून जास्त चांगलं निघेल असा मुलांचा समज असतो, आणि त्यातून क्लोरीन वायू निघतो. लहान न्हाणीघरात दार लावून घासत बसलेल्या मुलाला तो जीवघेणा ठरू शकतो. अमोनियाबरोबरही ब्लीच नको. एका वेळी एकच वस्तू वापरायची, भरपूर पाणी टाकून धुवायचं, खिडकी उघडी ठेवायची.

स्वयंपाकघरात फ्रीजच्या दाराच्या रबरात कागदाचा तुकडा धरून दार लावायचं. कागद अलगद निघून आला तर रबर सैल आहे आणि आतलं तापमान ४ अंशांच्या वर जाऊ शकतं. कढईतलं तेल पेटलं तर पाणी नाही, झाकण आणि गॅस बंद, हे सगळ्यांकडून वदवून घ्यायचं. कपडे वाळवायचं यंत्र असेल तर जाळीवरचा कापसासारखा थर दर खेपेला काढायचा. तो साठून आग लागते.

ढेकणांबद्दल जरा जास्त लिहिते, कारण एका घरातले ढेकूण सगळ्या मिशनभर पसरायला बदलीचा एक दिवस पुरतो. गादी उचलून शिवणीच्या काठाने टॉर्च फिरवायचा. पूर्ण वाढलेला ढेकूण पाचेक मिलिमीटरचा असतो, पण तो दिसायच्या आधी शिवणीत बारीक काळे ठिपके दिसतात, शाईच्या पेनाने टेकवल्यासारखे. मग खाटेचे सांधे, भिंतीवरच्या प्लगची चौकट, पलंगामागची पट्टी. सापडले तर त्या घरातली गादी, उशी, बॅग दुसरीकडे जाणार नाही. कपडे बंद पिशवीत घालून थेट ड्रायरमध्ये, जास्तीत जास्त उष्णतेवर किमान अर्धा तास. नुसतं धुऊन भागत नाही, ढेकूण आणि अंडी मारते ती उष्णता. घरावर व्यावसायिक फवारणीच करून घ्यायची, दुकानातल्या डब्याने ते फक्त शेजारच्या खोलीत पळतात. आणि मुलांना रागवायचं नाही. ओरडा बसेल या भीतीने ती सांगायचं टाळतात, आणि उशिरा कळलं की खर्च आणि त्रास दोन्ही वाढतात.

दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात. त्या आठवड्यात आपला दिनक्रम बाजूला ठेवायचा. नवी मुलं विमानतळावर उतरतात, मुदत संपलेली परत जातात आणि मधल्या कितीतरी जणांचे जोडीदार आणि घरं बदलतात. ऑफिसात भिंतीवर फळा असतो, त्यावर कोण कुठल्या घरातून कुठल्या घरात हे लागलं की आमचं काम सुरू. प्रत्येक घरात जितकी माणसं तितक्या खाटा आहेत का ते आधी बघायचं. दोनच्या घरात तिघं जाणार असतील तर गादी बदलीच्या आदल्या दिवशी पोचली पाहिजे. मग किल्ल्या. जुन्या जोडीने खिशात घालून नेलेली किल्ली हा बदलीच्या दिवसाचा नेहमीचा घोळ. यावर उपाय एकच, निघताना किल्ली ऑफिसात जमा केल्याशिवाय नवी मिळणार नाही.

नव्याने आलेल्या मुलांना पहिल्या दिवशी फार सांगायचं नाही. लांबचा प्रवास, झोप नाही, अर्धं डोक्यात शिरत नाही. गरम जेवण, घरी “पोचलो” असा निरोप, पासपोर्टची प्रत, फोन चालू करून देणं, आणि झोप. नियम, बँक कार्ड, भाग ओळखणं हे दुसऱ्या दिवशी. फेब्रुवारी २०१९ पासून तरुण मिशनऱ्यांना आठवड्यातून एकदा घरी फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो, त्यामुळे आई-वडिलांची काळजी पूर्वीपेक्षा खूप हलकी झाली आहे. जोडप्यांना फोनवर असं बंधन नाही. नातवंडांशी बोला, पण ठरावीक वेळ ठेवा, नाहीतर कामाच्या मध्ये फोन वाजत राहतात आणि दोन्हीकडे लक्ष लागत नाही.

गाड्यांचं थोडक्यात सांगतो. टायरमधली हवा गाडी थंड असताना मोजायची. किती हवी ते चालकाच्या दाराच्या आतल्या चौकटीवरच्या चिकटपट्टीवर असतं, टायरवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादा असते, तो धरायचा नाही. मागे घेताना जोडीदाराने खाली उतरून गाडीमागे बाजूला, चालकाला आरशात दिसेल असं उभं राहून हाताने दाखवायचं. पावसातही उतरायचं. पार्किंगमधल्या बऱ्याच ठोकाठोकी गाडी मागे घेतानाच होतात. आपलं भारतातलं लायसन्स ज्या देशात जाल तिथे किती महिने चालतं हे बोलावणं (कुठल्या मिशनला जायचं ते कळवणारं चर्चचं पत्र) आल्याबरोबर बघून ठेवा, मुदत संपल्यावर परीक्षा द्यायची तर तयारीला वेळ लागतो.

ब्रँचचं काम वेगळ्याच तऱ्हेचं आहे आणि आमचा खरा जीव त्यात रमतो. लहान ब्रँचमध्ये माणसं थोडी आणि जबाबदाऱ्या तितक्याच. जोडपं आलं की सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि एकेक काम त्यांच्या हातात देतात: पेटी तुम्हीच वाजवा, वर्ग तुम्हीच घ्या, हिशेब तुम्हीच बघा. आपल्यालाही ते जमतं, आणि घात इथेच होतो. दीड वर्ष सगळं सुरळीत चालतं, जोडपं घरी जातं, आणि पुढच्या रविवारी पेटीजवळ कुणी नसतं. जोडप्याने किती काम केलं यापेक्षा ते गेल्यावर काय चालू राहिलं यावर सेवेचा कस लागतो, असं आमचं ठाम मत झालं आहे. त्यामुळे काम मागायला आलेल्याला “हो” म्हणताना लगेच विचारायचं, “माझ्याशेजारी कोण बसेल?”

पेटीचंच उदाहरण घ्या. शिकणाऱ्याला सगळी गाणी शिकवायला गेलात तर दोन महिन्यांत तो सोडून देईल. चार सोपी स्तोत्रं निवडायची, आधी फक्त उजव्या हाताची सुरावट, वेग निम्मा. ती बसली की प्रभुभोजनाच्या वेळचं एक स्तोत्र त्याने वाजवायचं, बाकीची ध्वनिमुद्रणावर. महिन्याला एक वाढवायचं. चुकला तर पुढे वाजवत राहायचं, थांबून पहिल्यापासून नाही, हे सुरुवातीपासून अंगवळणी पाडायचं, कारण लोक गात असतात आणि ते थांबत नाहीत.

हिशेबाचंही तसंच. दशांश (कमाईचा दहावा भाग) आणि उपासाची दानं (उपासात वाचलेल्या जेवणाचे पैसे) मोजताना नेहमी दोन जण एकत्र हवेत, पाकीट दोघांसमोर उघडायचं, आतली रक्कम आणि चिठ्ठीवरची रक्कम जुळवायची, दोघांनी सही करायची. जुळली नाही तर देणाऱ्याला त्याच दिवशी विचारायचं. एकट्याने “मी घरी जाऊन मोजतो” असं कधी होऊ द्यायचं नाही, माणूस कितीही विश्वासाचा असला तरी. हा नियम त्या माणसालाही संशयापासून वाचवतो. मुलांच्या वर्गातही दोन मोठी माणसं लागतात, एकट्याने बसायचं नाही, दार उघडं ठेवायचं किंवा दाराची काच झाकायची नाही.

भेटी हा संध्याकाळचा मुख्य भाग. उपासनेला येणं थांबलेल्या कुटुंबांकडे जायचं तर आधी फोन करायचा, आणि बरोबर ब्रँचमधलं एक माणूस घ्यायचं. आपण परत जाणार आहोत, ओळख त्याची व्हायला हवी. वीस-पंचवीस मिनिटं बसायचं. “तुम्ही का येत नाही?” हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारूच नये, दार तिथेच बंद होतं. तब्येत, मुलं, काम, आणि निघताना “प्रार्थना करू का?” त्यांनी नको म्हटलं तर हसून निरोप घ्यायचा. घरी आल्यावर वहीत तीनच गोष्टी: काय गरज दिसली, कुणी करायची, पुढे कुणी जायचं. कुटुंबाच्या खासगी गोष्टी वहीत उतरवू नका, वही कुणाच्याही हाती लागू शकते.

पैशाबद्दल स्पष्ट लिहितो, कारण तुम्ही दोघंही हळवे आहात. कुणाची अडचण दिसली की खिशातून द्यावंसं वाटतं. देऊ नका, उसनेही नाही. एकाला दिल्याचं चार जणांना कळतं, मग भेटीला गेल्यावर लोक आपल्या हाताकडे बघतात आणि ज्यांना मागायला लाज वाटते ते मागेच राहतात. गरज ब्रँच प्रेसिडेंटला सांगायची. उपासाच्या दानातून मदत करायची सोय त्यासाठीच आहे, आणि किती द्यायचं, काय द्यायचं, नोकरी शोधायला हात कसा द्यायचा हे तिथल्याच माणसाने ठरवलेलं बरं.

रविवारची सभा जानेवारी २०१९ पासून तीनऐवजी दोन तासांची झाली, त्यामुळे दुपार मोकळी मिळते. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास. सुभाष, तुझ्या साखरेच्या गोळ्या चालू आहेत, तू उपास करायचा नाहीस, डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय एक जेवणही सोडायचं नाहीस. दान देता येतं, प्रार्थना करता येते, तेवढं पुरे आहे.

आठवड्यातला एक दिवस तयारीचा: कपडे, किराणा, घराची साफसफाई, आणि थोडं फिरणं. तरुणांना तो ठरलेला असतो, आपण आपल्या सोयीने घेतो. मात्र तो घ्याच. बदलीच्या आठवड्यात गेला तर पुढच्या आठवड्यात भरून काढा. दमलेलं जोडपं आधी एकमेकांवर चिडतं, मग मुलांवर. आणि रोज अर्धा तास प्रत्येकाने एकटं राहावं, एकाने वाचावं, दुसऱ्याने फेरी मारावी. घरी असताना नोकरी, बाजार, शेजारी यांमुळे जी मोकळीक आपोआप मिळते ती इथे ठरवून घ्यावी लागते. सुनंदा, हे तुला मुद्दाम सांगते आहे. तू सगळ्यांचं करत बसशील आणि तुझा अर्धा तास राहून जाईल.

आता तयारी. वैद्यकीय तपासणीच्या आधी दातांकडे जा, कारण परदेशात दाताचं काम महाग असतं आणि कवळी किंवा रूट कॅनालला तीन-चार खेपा लागतात. चष्म्याचा नंबर काढून दोन जोड करून घ्या. औषधांच्या चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम डॉक्टरांकडून टाइप करून घ्या. आपल्याकडच्या ब्रँडची नावं दुसऱ्या देशात कुणी ओळखत नाही, आणि काही औषधं तिथे चिठ्ठीशिवाय आतच नेऊ देत नाहीत. गोळ्या मूळ वेष्टनातच ठेवा, डबीत मोकळ्या नकोत, आणि त्या हातातल्या बॅगेत. घराचं कुलमुखत्यारपत्र एका विश्वासू माणसाला, बँकेचा मोबाइल नंबर परदेशात चालू राहील याची सोय, मृत्युपत्र, विम्याच्या हप्त्यांच्या तारखा, घराच्या किल्ल्या कुणाकडे, हे सगळं एका पानावर लिहून मुलांकडे द्या. बँकेचा ओटीपी न आल्यामुळे आपलेच पैसे वापरता येत नाहीत अशी अडचण फार जणांना येते, म्हणून रोमिंगवर मेसेज येतात का ते निघण्याआधी नीट विचारून घ्या. बूट दोन जोड, नरम तळव्याचे, आणि ते निघायच्या महिनाभर आधीपासून वापरलेले असावेत.

निघण्याआधी जोडप्यांचं प्रशिक्षण होतं. अमेरिकेतल्या प्रोव्होचं मिशनरी प्रशिक्षण केंद्र सगळ्यांना ठाऊक आहे, पण आता बराच भाग ऑनलाइन होतो आणि जोडप्यांसाठी तो थोड्याच दिवसांचा असतो. कॉम्प्युटरची भीती असेल तर आताच मुलाकडून तीन गोष्टी शिका: तक्ता भरणं, फोटोला नाव देऊन फोल्डरमध्ये ठेवणं, व्हिडिओ कॉलला स्वतः जोडून घेणं. एवढं येत असलं तर ऑफिसचं निम्मं काम येतं.

मुलांना आशीर्वाद. आईच्या गुडघ्याचं काय झालं ते सविस्तर कळवा.

तुमचे,
दादा आणि वहिनी

ता. क. अर्जात आपल्याला काय काम येतं आणि कुठल्या कामाची आवड आहे ते सांगायला जागा असते. बोलावणं कुठूनही येऊ शकतं, पण ती जागा “काहीही चालेल” असं लिहून वाया घालवू नका. सुभाष, नळदुरुस्ती, वायरिंग आणि हिशेब तिन्ही लिही. सुनंदा, तुझं शिवणकाम आणि पेटी, दोन्ही.